हात ऊन कर

गंगावेशीत पहाटे पाच वाजता
म्हशीच्या नाकातून वाफ निघते
आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं
मला न विचारता निघून जातात.

आधी करंगळीशेजारचं. मग मधलं.
पेरापर्यंत पांढरी, रेघ मारल्यासारखी.
रेघेच्या अलीकडं मी,
पलीकडं कोण, कुणास ठाऊक.
एकदा टाचणी टोचून बघितली.
टाचणीलाच काही वाटलं असलं तर.

गेंदी लाथ मारत नाही, तेवढी शहाणी आहे.
फक्त पान्हा चोरते.
सडाला बोट लागलं की कातडी थरथरवते,
मान वळवून बघते,
आणि दूध ओढून घेते वर, आलं तिथं.
सासरे होते तेव्हा म्हणायचे,
हात ऊन कर पोरी,
गार हातानं मागितलं तर कोण देतंय?

बादलीतल्या ऊन पाण्यात हात धरले की
बोटं निळी होत, वांग्यासारखी,
मग लाल. आणि लाल झाली की आग,
मिरच्या कुटल्यावर होते तशी,
पण आतून, नखाच्या मागून.
तोवर गिऱ्हाईक ग्लास वाजवायला लागे.

बोंद्रेमास्तर रोजचे.
अर्धा लिटर, फेसासकट, उभ्यानंच.
पौषात एकदा ग्लास घेता घेता
त्यांनी बोटं बघितली.
ग्लास घेतला. प्याले नाहीत.
कट्ट्यावर ठेवून म्हणाले, आज पोट बरं नाही.
दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पोट
दौलूच्या म्हशीजवळ बरं होऊ लागलं.
मग त्यांच्याबरोबरची दोघं गेली.
कोड, असं कुणी बोललं नाही.
तो शब्द बोलावा लागत नाही,
ग्लास धरण्यातच कळतो.

सीपीआरमध्ये नंबर बासष्ट.
डॉक्टरीण माझ्या थोरलीएवढी.
तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला,
इतका वेळ लग्नातसुद्धा कुणी धरला नव्हता,
आणि म्हणाली, हे कोड नाही, महारोग नाही,
रक्ताच्या नळ्या थंडीला भिऊन मिटतात.
कागदावर नाव लिहून दिलं. रेनॉ.
मला वाटलं मोटारीचं.
ती वेगळी, म्हणून हसली.

हातमोजे घाला म्हणाली.
मोजे घालून धार कशी काढायची
हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.
मग विचारलं, मिश्री लावता?
मी पदर तोंडाशी नेला.

अठ्ठावीस वर्षांची मिश्री.
डबी पंचगंगेत सोडली, असं घरात सांगितलंय.
आहे ती चुलीमागच्या कोनाड्यात.
बुधवारी उघडली, वास घेतला, मिटली.

त्या दिवशी रिक्षातून येताना
रंकाळ्यावरचं वारं आत घुसलं
आणि बोटं पुन्हा गेली.
तेव्हा मला गेंदी आठवली.
म्हणजे माझ्याही आत कुणीतरी
मान वळवून बघतंय,
गार लागलं की ओढून घेतंय वर.
लाथ मारत नाही, एवढंच.

आता पहाटे मी नुसती बसते आधी.
पायात धाकट्याचे शाळेचे मोजे, वरून चप्पल.
कास आणि मांडीच्या मधे
दोन्ही हात खुपसते
आणि काही मागत नाही.
गेंदी एकदा थरथरते. मग रवंथ करायला लागते.
दौलू ओरडतो, सुरू करा की वैनी, उजाडलं.
उजाडू दे.
कासेत कुठंतरी काही उतरतंय,
बोटांतही, मुंग्या चालल्यासारखं,
आधी कुणाला पोचतं ते कळत नाही.

आज साडेतीन लिटर निघालं.
मास्तर पलीकडं दौलूपाशी ग्लास धरून उभे.
हातात लोकरीचे मोजे,
मुलानं पुण्याहून पाठवलेले असणार.
मला काही ते नको होते.
पण नजर गेली.